बीपीची गोळी सुरू झालीय? कुठली गोळी काय करते, कधी टाळायची आणि कुठली मनाने कधीच बंद करायची नाही

दोन वर्षांपूर्वी थंडीत आई पहाटे साडेपाचला बाथरूमच्या दारात पडली. हाड मोडलं नाही, पण कपाळाला सहा टाके पडले. पडायचं कारण शोधायला तिचा औषधांचा डबा पालथा केला तर त्यात दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या रंगांच्या गोळ्या होत्या आणि दोन्हींमध्ये एकच औषध, टेल्मिसार्टन. एक तिची नेहमीची, दुसरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी गेलो होतो तेव्हा लिहून दिलेली, आणि त्या दुसरीत वर लघवीचं औषध पण मिसळलेलं. आईने बिचारीने दोन्ही अगदी वेळेवर घेतल्या, पाच महिने. घरात कुणालाच कळलं नाही कारण आम्ही सगळे गोळ्या रंगावरून ओळखत होतो, "ती पांढरी बीपीची, ती गुलाबी पण बीपीचीच".

त्यानंतर वर्षभरात मलाही बीपी निघालं, वयाच्या ४३ व्या वर्षी. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून विचारून, स्ट्रिपच्या मागचं वाचून वाचून जे समजलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, डोस ठरवणं हे माझं काम नाही आणि तुमचंही नाही, पण आपल्या पोटात काय जातंय आणि ते कुणाला चालत नाही हे आपल्याला माहीत असायलाच पाहिजे.

१. गोळीच्या आधी आकडा नीट घ्या

दवाखान्यात एकदा १५० आलं म्हणजे बीपी झालं असं लगेच ठरत नाही. खूपच जास्त असेल तर गोष्ट वेगळी, पण एरवी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बघतात. आपल्याकडे दवाखान्यातलं १४०/९० किंवा त्याच्या वर वारंवार आलं तर बीपी धरतात, आणि घरी मोजलेल्याची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर. घरचा आकडा थोडा कमी धरतात कारण दवाखान्यात बऱ्याच जणांचं बीपी नुसत्या टेन्शनने चढतं. उलटही होतं, दवाखान्यात छान आणि घरी जास्त, आणि ते तर लक्षातच येत नाही.

घरी मोजायचं तर असं मोजा:

- मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा पाहिजे, जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं.
- आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट काही नको. लघवीला जाऊन या.
- खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. मोजताना बोलायचं नाही, फोनवर तर अजिबात नाही.
- हात टेबलावर, छातीच्या उंचीला.
- एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा, ज्या हाताला जास्त येतं तोच पुढे धरायचा. आणि मशीन एकदा दवाखान्यात घेऊन जा, त्यांच्या आकड्याशी जुळतंय का बघून घ्या.

२. हे कागद आणि वस्तू एका पिशवीत ठेवा

- सात दिवसांच्या आकड्यांची वही (फोनमध्ये नको, डॉक्टरांपुढे स्क्रोल करत बसावं लागतं)
- घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप, फक्त बीपीच्या नाही. गुडघ्याची, ॲसिडिटीची, झोपेची, काढा, चूर्ण, जिममधली पावडर, सगळं
- क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रोटीन यांचे रिपोर्ट, आणि एक ईसीजी
- दमा, किडनी, हार्ट, शुगर, गाऊट (युरिक ॲसिड वाढून सांधा सुजणं), प्रोस्टेट यातलं काही असेल तर त्याची जुनी फाईल
- पूर्वी कुठल्या औषधाने ओठ, जीभ सुजली होती का, खोकला झाला होता का, ते एका चिठ्ठीवर

ही पिशवी दाताच्या डॉक्टरकडे जातानाही न्यायची, डोळ्याच्या डॉक्टरकडेही. आमच्याकडे ती नेली असती तर आई पडली नसती.

३. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचायला शिका

मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव, ते सोडून द्या. त्याच्या जवळ बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. आणि या नावांच्या शेपटीवरून घराणं कळतं, ही गोष्ट मला डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितली आणि आयुष्यभराचं काम झालं:

- शेवटी "प्रिल": रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल
- शेवटी "सार्टन": टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन
- शेवटी "डिपिन": ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन
- शेवटी "लोल": ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल
- पाणी काढणाऱ्या: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड

कंपनीच्या नावापुढे एएम असेल तर बहुतेक वेळा आत ॲम्लोडिपिन पण आहे, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी किंवा सीएच असेल तर क्लोरथॅलिडोन. म्हणजे एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. तरी शेपूट बघून अंदाज बांधा, खात्री मागच्या बारीक अक्षरातूनच करा.

इथला सापळा म्हणजे मेडिकलवाला "ती कंपनी नाहीये, हे घ्या सेम आहे" म्हणून दुसरं देतो. ते सेम असेलही, पण घरी जुनी स्ट्रिप अर्धी शिल्लक असते आणि म्हातारी माणसं दोन्ही खातात. नवीन आणली की जुनी डब्यातून बाजूला काढा. एक घराणं दोनदा नको, आणि "प्रिल" व "सार्टन" एकत्र तर नकोच, दोन्ही मिळून किडनीला आणि पोटॅशियमला त्रास होतो.

अजून एक, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल म्हणजे बीपीची गोळी नाही. "रक्त पातळ करायची" आणि "बीपीची" हे लोक एकच समजतात. बीपीच्या गोळीने रक्त पातळ होत नाही.

४. गोळी आत जाऊन नेमकं काय करते

आमच्या बाबांना मी विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण देऊन समजावलं, तेच इथे देते. हृदय म्हणजे मोटर, रक्तवाहिन्या म्हणजे पाईप, आणि पाईपमध्ये खेळणारं पाणी म्हणजे रक्त. पाईपमधला दाब कमी करायचा तर तीनच गोष्टी हातात आहेत, पाईप रुंद करा, पाणी कमी करा, नाहीतर मोटर हळू चालवा. सगळ्या गोळ्या यातलंच काहीतरी करतात.

"डिपिन" वाल्या पाईप रुंद करतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक स्नायू असतो, तो कॅल्शियम आत शिरलं की आवळतो, ही गोळी कॅल्शियमची ती वाट अडवते म्हणून नळी सैल पडते. ॲम्लोडिपिन अंगात फार हळू चढतं आणि हळू उतरतं, पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून तिसऱ्याच दिवशी "उतरतच नाही" म्हणून डोस वाढवायला पळू नका. हिचा नेहमीचा त्रास म्हणजे घोट्याला सूज, कधी डोकं दुखणं, चेहरा गरम होणं, काहींना हिरड्या सुजतात. ही पायाची सूज किडनीची नसते आणि पाणी काढायच्या गोळीने ती नीट जात पण नाही, तरी बऱ्याच ठिकाणी सूज आली म्हणून लघवीची गोळी जोडतात आणि एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी असं सुरू होतं. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी डोस कमी करून टेल्मिसार्टन जोडलं, तीन आठवड्यात सूज गेली. सूज आली तर आधी हेच विचारा की ही गोळीमुळे आहे का. (एकाच पायाला आली, दुखत असेल, किंवा दम लागत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.)

"प्रिल" आणि "सार्टन" ही दोन भावंडं. किडनीपासून सुरू होणारी एक साखळी शरीरात असते, तिच्या शेवटी अँजिओटेन्सिन नावाचं रसायन तयार होतं, ते नळ्या आवळतं आणि मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. प्रिल ते तयारच होऊ देत नाही, सार्टन तयार झालेल्याला जागेवर बसू देत नाही. शुगर असलेल्यांना, लघवीतून प्रोटीन जाणाऱ्यांना डॉक्टर हीच आधी निवडतात कारण किडनीवरचा दाब कमी होतो. प्रिलचा खास त्रास म्हणजे कोरडा खोकला, घशात सारखी खवखव. माझ्या मावशीने चार महिने कफ सिरप प्यायलं, दोनदा एक्सरे काढला, आणि शेवटी गोळी बदलल्यावर महिन्याभरात खोकला गेला. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर मात्र लगेच हॉस्पिटल, आणि पुन्हा आयुष्यात प्रिल नाही. या प्रिलचा जन्म ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून झाला, पहिलं औषध कॅप्टोप्रिल, १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तो साप चावलेल्याचं बीपी धाडकन पडायचं, त्यावरून धागा मिळाला.

आपल्याकडचीही एक गोष्ट आहे आणि ती मला फार जवळची वाटते. मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधाच्या मुळीचा बीपीवर काय परिणाम होतो ते पेशंटवर नीट मोजून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं, पुढे त्यातून रेसरपिन हे बीपीचं औषध वेगळं काढलं गेलं. हे मुद्दाम सांगते कारण आजही "सर्पगंधा नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणून लोक स्वतःच्या मनाने घेतात. ते खरंखुरं औषध आहे, म्हणूनच त्याचे त्रासही खरे आहेत, मन उदास होतं, नाडी मंद होते. नेहमीच्या गोळ्यांवर ते वरून घेऊ नका.

पाणी काढणाऱ्या गोळ्या मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढतात. स्वस्त आणि कामाच्या, पण सोडियम-पोटॅशियम खाली जाऊ शकतं, युरिक ॲसिड वाढून गाऊट उठू शकतो, साखर थोडी वाढू शकते. वयस्कर माणूस या गोळीवर असताना अचानक विसरायला, बरळायला लागला, झोपाळू झाला तर "म्हातारपण" म्हणून सोडू नका, सोडियम तपासा. गोळी सकाळी घ्यायची, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि पडणं तिथेच होतं.

"लोल" वाल्या मोटर हळू करतात. नाडी कमी होते. नुसत्या बीपीसाठी आता हे पहिलं औषध म्हणून सहसा देत नाहीत, पण हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखणं, ठोके अनियमित, हार्ट फेल्युअर, अशांना ते फार गरजेचं असतं.

उरलेल्यात स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवतं, पुरुषांना छातीला गाठ येऊन दुखू शकतं), प्राझोसिन (पहिल्या डोसला चक्कर, म्हणून रात्री झोपताना सुरू करतात) आणि क्लोनिडिन. ही तीन डॉक्टर नंतर, गरज पडली तर जोडतात.

५. कुणी कुठली गोळी टाळायची

हा भाग छापून फ्रिजवर लावा असं मी सांगेन.

गरोदर किंवा मूल हवंय: प्रिल आणि सार्टन नाही. पोटातल्या बाळाच्या किडनीला त्याने इजा होते. तिशीत बीपी निघालेल्या मुली आता बऱ्याच आहेत आणि लिहून देताना हे विचारलं जातंच असं नाही, म्हणून तुम्ही सांगा. प्लॅनिंग सुरू करायच्या आधीच गोळी बदलून घ्यायची, लॅबेटालोल, निफेडिपिनचा हळू सुटणारा प्रकार, मिथाइलडोपा ही त्या काळात वापरतात. चुकून घेत असताना दिवस गेल्याचं कळलं तर घाबरून सगळं सोडून बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

दमा: "लोल" टाळा, श्वासनळी आवळू शकते. डोळ्यात काचबिंदूसाठी टाकायचा टिमोलोलचा ड्रॉपही त्याच घराण्यातला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

नाडी आधीच मंद, हार्ट ब्लॉक (रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज नव्हे, हृदयात ठोक्याचा सिग्नल अडकणं): लोल, आणि नाडी मंद करणारी व्हेरापामिल, डिल्टियाझेम, ही डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय नको, आणि लोलबरोबर व्हेरापामिल तर फार जपून.

शुगरसाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या: लोलमुळे साखर उतरल्यावर होणारी धडधड, थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो. अशा माणसाला अचानक घाम फुटला तर साखर बघा.

गाऊट: पाणी काढणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी विचारा.

किडनी कमजोर: प्रिल, सार्टन "किडनी खराब करतात" म्हणून लोक स्वतःहून बंद करतात, तसं करू नका, कित्येकदा ती किडनीसाठीच दिलेली असतात. पण सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायला हवं. क्रिएटिनिन थोडं वाढणं चालतं, किती चालतं ते डॉक्टर बघतील. दोन्ही किडन्यांच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर या गोळ्या चालत नाहीत, आणि हे बहुतेक या तपासणीतच उघडं पडतं, म्हणून ती चुकवू नका.

मानसिक आजारासाठी लिथियम सुरू: पाणी काढणारी, प्रिल, सार्टन, तिन्हींनी लिथियम रक्तात वाढू शकतं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत असू द्या.

ऑपरेशन: भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादी दाखवा. प्रिल-सार्टन बऱ्याचदा ऑपरेशनच्या दिवशी थांबवायला सांगतात, लोल मात्र सहसा चालूच ठेवतात. त्यामुळे "उपाशीपोटी यायचंय म्हणून सगळ्याच गोळ्या बंद" हे स्वतः ठरवू नका.

जुलाब, उलट्या, ताप, पाणी पोटात टिकत नाही असे दिवस: अंगातलं पाणी कमी झालेलं असताना प्रिल, सार्टन, पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू राहिल्या तर किडनी एकदम बसू शकते. त्याच दिवशी फोन करून विचारा "हे दोन दिवस कुठली थांबवू आणि परत कधी सुरू करू". हा प्रश्न मी तब्येत चांगली असतानाच विचारून वहीत लिहून घेतला आहे, कारण रविवारी रात्री कुणी फोन उचलत नाही.

उन्हाचंही तसंच. बाबा दरवर्षी लोणंदहून वारीला निघतात, भर दुपारी चालणं, घाम, वेळेवर पाणी नाही. एका वर्षी फलटणच्या पुढे त्यांना उभ्या उभ्या अंधारी आली. आता निघायच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना दाखवतो, ते त्या दिवसांपुरती लघवीची गोळी कमी करून देतात. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये शेतात काम करणाऱ्यांनीही हे विचारून ठेवावं, आणि निर्जळी उपवास करणाऱ्यांनी तर नक्कीच.

६. या गोळ्यांबरोबर काय पोटात जाऊ द्यायचं नाही

सगळ्यात मोठा शत्रू अंगदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, यांनी बीपी वाढतं, पाणी अंगात साठतं, आणि प्रिल किंवा सार्टन, त्यात पाणी काढणारी, त्यात ही दुखण्याची, असं त्रिकूट जमलं की किडनी धोक्यात. आपल्याकडे गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून "दोन गोळ्या द्या" म्हणून रोज खाणारी माणसं घरोघरी आहेत. बीपी आटोक्यात येत नसेल तर चौथी गोळी जोडायच्या आधी हे तपासा. ताप-दुखण्याला पॅरासिटामोल त्या मानाने बरी, तीही मापात आणि पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं.

सर्दीच्या गोळ्या: नाक मोकळं करणाऱ्यांत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, ते नळ्या आवळतं.

ज्येष्ठमध: घसा बसला की चघळतो, काढ्यात घालतो. एखाद्या दिवशी ठीक, पण रोज घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

लो सोडियम मीठ: जाहिरात बघून आणतात, त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. ज्याला फक्त बीपी आहे त्याला फायद्याचं ठरू शकतं, पण किडनी कमजोर असेल किंवा प्रिल, सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. किडनी कमजोर असेल तर रोजच्या शहाळ्याचंही तसंच. आणि सैंधव मीठ हेही शेवटी सोडियमच आहे, ते "चालतं" म्हणून जास्त घालू नका. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारी, चटणी सगळं आलं.

पुरुषांच्या ताकदीची गोळी, सिल्डेनाफिल: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर अजिबात नाही, बीपी जीवघेणं पडतं. प्राझोसिन किंवा प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच. लाजून लपवू नका.

७. रोजचं घेणं

वेळ सकाळ की रात्र यावर खूप वाद ऐकले. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१ हजारांवर लोकांच्या अभ्यासाचा निकाल आला, सकाळी घ्या की रात्री, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे जी वेळ चुकत नाही ती तुमची वेळ, फक्त लघवीची सकाळी.

एखादी विसरली तर आठवल्यावर घ्या, दुसरीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा ओढते. आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवू नका, कोकणात आणि पावसाळ्यात तर नाहीच, स्ट्रिपचा तेवढा तुकडा कापून ठेवा आणि घ्यायच्या वेळीच फोडा. नावापुढे एक्सएल, एसआर, ईआर, रिटार्ड असेल ती कुटायची, चावायची नाही, ती दिवसभर हळूहळू सुटायला बनवलेली असते.

आणि "बीपी नॉर्मल आलं, आता बंद केली". नॉर्मल आलं ते गोळीमुळे. वजन उतरलं, मीठ सुटलं, चालणं सुरू झालं तर डॉक्टर डोस खरंच कमी करतात, माझा केला. पण लोल आणि क्लोनिडिन मनाने एकदम तोडायच्या नाहीत म्हणजे नाहीत. क्लोनिडिन सोडल्यावर बीपी उसळून वर जातं, लोल सोडल्यावर छातीत दुखणं, अटॅकपर्यंत जाऊ शकतं. गावाला जाताना या दोन्हींची जास्तीची स्ट्रिप पर्समध्ये.

८. उठताना चक्कर येते का बघा

बसून बीपी मोजा, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नी पडला तर डॉक्टरांना सांगा. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाचं हे करायलाच हवं, आमच्या आईचा वरचा आकडा ३४ नी पडत होता आणि बसल्या बसल्या मात्र १२८, एकदम छान दिसायचं. पहाटे उठताना आधी पलंगाच्या कडेला या, मिनिटभर पाय खाली सोडून बसा, मग उठा. रात्री वाटेत दिवा चालू ठेवा.

९. कधी धावायचं

१८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं, एका बाजूची ताकद जाणं, दिसेनासं होणं, असह्य डोकेदुखी यातलं काहीही असेल तर लगेच १०८. ही लक्षणं असतील तर आकडा कमी असला तरी जायचं, घरी गोळी देऊन वाट बघायची नाही.

तेवढाच आकडा आहे पण त्रास काहीच नाही, तर शांत बसवून थोड्या वेळाने परत मोजा, गोळी चुकली होती का बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेजारच्याची गोळी द्यायची नाही. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची ती जुनी पद्धत तर पूर्ण विसरा, बीपी इतकं धाडकन पडतं की मेंदूला, हृदयाला रक्त कमी पडतं.

१०. पैसे आणि साठा

या गोळ्या महाग असायलाच हव्यात असं नाही. जनऔषधी केंद्रात ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन बरेच स्वस्त मिळतात, चिठ्ठीवर औषधाचं खरं नाव लिहून मागा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत असतात, आशाताईंना विचारा कुठल्या वारी मिळतात.

दहा दिवसांच्या उरल्या की नवीन आणायच्या, दिवाळी-गणपतीत तर आधीच. आणल्या की मागचं नाव वाचायचं, वहीतल्या नावाशी जुळवायचं, मगच डब्यात. आमच्या डब्याच्या झाकणावर आता आतून कागद चिकटवलाय, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कुणी दिली, कुठल्या तारखेला. आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.